हीटर

निघायचं होतं पहाटे चारला.
शेतवाला उठला सातला, त्याचा फोर्कलिफ्ट त्याच्याही नंतर,
आणि लसूणघासाचे एकशे वीस गठ्ठे ट्रेलरवर चढून
पट्टे आवळून होईतो
ऊन दारात उभं होतं,
वसुलीला आलेल्या माणसासारखं.

आता ब्लॅक कॅनियन सिटी मागे पडलंय.
रस्त्याकडेला पाटी:
इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा.
बाहेर एकशे अकरा फॅरनहाइट.
समोरून उतरणाऱ्या गाड्या काचा लावून, गारेगार,
आमच्याकडे न बघता जातात.

माझा एक डोळा काट्यावर,
दुसरा रस्त्यावर.
टेरेलवर ठेवायला तिसरा नाही.

काल रात्री मोटेलच्या आवारात
मी रेडिएटर धूत होते, आतून बाहेर, जाळी वाकू न देता.
मेलेले पतंग, गवताचा भुसा, कुठल्या तरी झाडाची म्हातारी
चिखल होऊन पायाशी येत होती.
तेव्हा तो म्हणाला, "शाळा सुरू झाली की
मी बाबाकडे राहीन. फिनिक्सला."
मी पाइप बंद केला नाही.
जाळी केव्हाच स्वच्छ झाली होती.

एल्वुडमामा सांगायचा:
चढाला गियर आधीच उतरव.
इंजिनला ओझ्याखाली कण्हू देऊ नकोस, पळू दे,
ते पळालं तर पंखा पळेल, पाणी पळेल.
वरच्या गियरचा हट्ट धरणारे
घाटात बॉनेट उघडून उभे दिसतील तुला,
त्यांना हात कर, थांबू नकोस,
थांबलीस तर पुन्हा निघणार नाहीस.
मामा गेला त्याला सहा वर्षं झाली.
ट्रक त्याचाच. सीटला अजून त्याच्या कमरेचा खळगा.

तिसरा गियर. ताशी चाळीस मैल.
मागचा लाल कंटेनर हॉर्न देतो, देऊ दे.
सग्वारो हात वर करून उभे
जणू कुणी त्यांच्यावर बंदूक रोखलीय.
पंख्याचा क्लच लागला, बॉनेटखाली विमान सुरू झालं,
तरी काटा सरकतोय,
केसभर, मग आणखी केसभर.

मी काही बोलायच्या आत
टेरेलने कानांतलं काढलं,
हात पुढे केला
आणि हीटर पूर्ण सोडला.

पहिला झोत धुळीचा.
मग गेल्या हिवाळ्याचा वास:
पिन्यॉनचा धूर, ओली लोकर, आमचं कुत्रं.
मग नुसती आग.
इंजिनची होती, आता आमची झाली.
घोटे भाजले, पापण्यांवरून घाम ठिबकला,
खिडकीबाहेर हात काढावा तर बाहेरही तेच.
"वेडेपणा आहे हा," तो म्हणाला.
"हो."
"आजोबा खरंच असं करायचे?"
"शर्ट काढून. आणि गायचे, फार वाईट."
तो हसला की खोकला, कळलं नाही.
काटा खाली आला नाही.
चढायचा तेवढा थांबला.

सनसेट पॉइंटला मी कडेला घेतलं.
त्याचा हात किल्लीकडे गेला, मी मनगट धरलं.
"थांब. एकदम बंद करायचं नसतं.
टर्बो आत अजून फिरतोय, त्याला तेल मिळू दे.
पाच मिनिटं."

पाच मिनिटं बसलो.
हीटर बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

"त्याच्याकडे एसी चांगला आहे?" मी विचारलं.
"आहे. आवाज करतो."
"फिल्टर धुवायला सांग."
"मीच धुतो."

मग तो उतरला, ट्रेलरला फेरी मारली,
एकेका पट्ट्यावर तळवा आपटून बघितला,
रेडिएटरच्या झाकणाकडे पाहिलं
आणि हात लावला नाही.
शर्ट पिळत परत आला, हिरव्या गवताचा वास घेऊन.

"झाला ना घाट?"

"हा झाला," मी म्हटलं.
"कॅम्प व्हर्दीनंतर आणखी एक आहे."